दोन ट्रक आणि आमची गल्ली

लग्न होऊन मी अंधेरीला आले ती ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझं माहेर लातूरकडचं. आमच्याकडे मासळी म्हणजे आठवडी बाजारात कधीतरी दिसणारी नदीची मरळ. इथे तर चाळीचा दरवाजा उघडला की समोर कोळीवाडा, दोरीवर बोंबील वाळत घातलेले, आणि वारा फिरला की सगळा वास थेट आमच्या खोलीत. पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावला, तर सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "लावून घे बाई आठ दिवस. मग तुलाच कळायचं नाही वास कुठं गेला ते."

आमची गल्ली मेन रोडपासून निघून खाडीपर्यंत जायची. एका अंगाला कोळ्यांची कौलारू घरं आणि त्यांचे ओटे, दुसऱ्या अंगाला आमची चाळ, आणि चाळीच्या पुढे तीन मजल्यांची एक सोसायटी. मधोमध देऊळ. देवळापाशी गल्ली अशी काही वळायची की समोरून रिक्षा आली तर हातगाडीवाल्यानं ओट्याला चिकटून उभं राहायचं, हा अलिखित कायदा होता. सगळे पाळायचे. कारण सगळे एकमेकांना तोंडानं ओळखायचे, आणि न पाळणाऱ्याला समोरच्या मावशीच्या तोंडाला तोंड द्यावं लागायचं.

ही मावशी आमच्या दारासमोर राहायची. पन्नाशीची, उंचीपुरी कोळीण. पहाटे बंदरावर जायची, मासळी आणि बर्फ स्वतःच्या हातगाडीवर लादून मेन रोडपर्यंत आणायची, तिथून टेम्पोनं बाजारात. तिच्या त्या निळ्या गाडीला तिनं कुणाला हात लावू दिला नाही कधी. माझ्याशी तिचं पहिलं वाक्य होतं, "काय गो, नवरी ना तू? खिडकी बंद नको करू. आमचा वास तुला खायाला नाय उठत." मी घाबरून खिडकी उघडली, ती कायमची.

पहिला ट्रक गल्लीत आला तेव्हा मात्र सगळ्यांना कौतुकच वाटलं होतं. खाडीकडच्या पडीक जमिनीवर मोठ्या बिल्डिंगा उठणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. माझे मिस्टर एमआयडीसीत कारखान्यात होते. ते म्हणाले, "बघ तू, दोन वर्षांत इथे बँक येईल, दवाखाना येईल. आपल्या गल्लीचं नशीब उघडलं." कोळीवाड्यातल्या काही जणांना त्या साइटवर वॉचमनचं काम मिळालं. देवळात नारळ फुटले. तो पहिला ट्रक मुरुमानं भरलेला होता, आणि ड्रायव्हरनं वळणावर थांबून मावशीला विचारलं होतं, "माई, गाडी निकलेगी क्या?" मावशीनं स्वतः हात दाखवून त्याला काढून दिलं.

मग ते वाढत गेले. आधी भरावाचे, मग खडीचे, रेतीचे, विटांचे, सळ्यांचे. सळ्या ट्रकच्या मागे हातभर लोंबायच्या आणि वळणावर ओट्यांवरून फिरायच्या, त्या वेळी बायका मुलांना आत ओढायच्या. सकाळी सुरू झालेली घरघर दिवे लागेपर्यंत थांबायची नाही. आमच्या फळीवरची भांडी आपोआप पुढे सरकत यायची. भिंतीवरची बुद्धाची तसबीर रोज वाकडी व्हायची आणि सासूबाई रोज ती सरळ करायच्या. वाळत घातलेल्या बोंबलांवर लाल धूळ बसायची. मावशी म्हणायची, "आता गिऱ्हाईक विचारतंय, मावशी, बोंबील हाय का वीट?" सगळे हसायचे, पण तिचा माल परत येऊ लागला होता.

पावसाळा संपला तेव्हा गल्ली गल्ली राहिली नव्हती. गटारावरच्या लाद्या फुटल्या. रस्त्याखालची पाण्याची पाइप कुठेतरी चेपली गेली आणि नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. सोसायटीचे सेक्रेटरी, नेहमी इस्त्रीच्या शर्टात असणारे गृहस्थ, वॉर्ड ऑफिसला अर्ज देऊन आले. चाळीनं वेगळा अर्ज दिला. कोळीवाड्यानं वेगळा. असं वेगवेगळं जायचं कारणही होतं. सोसायटीनं मागे बोंबील वाळवण्याबद्दल तक्रार केली होती, तेव्हापासून कोळीवाडा त्यांच्याशी बोलत नव्हता. आणि आम्ही चाळवाले दोघांच्या मध्ये, पाण्यावरून दोघांशी भांडणारे. तिन्ही अर्जांना एकच उत्तर आलं: रस्ता सार्वजनिक आहे आणि रुंदीने पुरेसा आहे.

त्याच दिवसांत मला दिवस गेले होते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सातवा महिना लागेपर्यंत कामावर गेले, मग रजा घेतली. सासूबाई रोज देवळाच्या वळणापर्यंत मला चालायला न्यायच्या आणि ट्रक आला की मला आपल्या मागे घ्यायच्या. एवढीशी बाई, तिच्यामागे मी काय लपणार!

कळा सुरू झाल्या त्या दुपारी. मिस्टर कामावर. सासूबाईंनी शेजारच्या बाईला रिक्षा आणायला पाठवलं. रिक्षा आली, मी बसले, सासूबाई बसल्या, आणि वळणावर जाऊन आम्ही थांबलो. समोर दोन ट्रक नाकाला नाक लावून उभे. एक खडी घेऊन आत येत होता, एक रिकामा बाहेर निघाला होता. आत येणाऱ्याच्या मागे आणखी एक, बाहेर जाणाऱ्याच्या मागे आम्ही, आमच्या मागे आणखी एक रिकामा ट्रक. कुणालाही मागे होता येईना. ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांना शिव्या देत होते, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि माझ्या कंबरेतून अशी काही कळ गेली की मी सासूबाईंचा हात दाबून धरला. त्यांच्या दोन बांगड्या फुटल्या.

"ए, हटवा रे! पोरगी अडलीया माझी!" सासूबाई ओरडल्या. त्यांचा आवाज त्या हॉर्नमध्ये विरून गेला.

पण तो मावशीनं ऐकला. ती बाजारातून परत येत होती, गाडीवर उरलेली पापलेटं आणि बर्फ. ट्रकच्या पलीकडून तिनं वाकून पाहिलं, मला पाहिलं, आणि हातगाडी सरळ उलटी केली. बर्फ, पापलेटं, सगळं रस्त्यात. मग तिथल्याच एका ओट्यावरून गोधडी मागून घेतली, गाडीवर टाकली, आणि ट्रक आणि ओटा यांच्यामधल्या फटीतून वाकडी होत माझ्यापर्यंत आली.

"उतर गो. चाल. माझ्या खांद्यावर हात टाक."

"मावशी, मला नाही जमणार."

"जमंल. इथं काय रस्त्यात बाळंत व्हतेस? लोक बघतान."

एका बाजूनं ती, एका बाजूनं सासूबाई, मागून सोसायटीतल्या दोन बायका. आम्ही त्या फटीतून कशा निघालो हे मला आजही सांगता येणार नाही. ट्रकच्या चाकाच्या गरम रबराची वाफ तोंडावर आली एवढं आठवतं. पलीकडे गाडीवर मला आडवं केलं आणि मावशी आणि तिच्या वाड्यातल्या बायका गाडी ढकलत पळत सुटल्या. "बाजू! बाजू! बाजू!" सारा मेन रोड ऐकत होता. मी गोधडीवर पडून वर आभाळ बघत होते. खाली ओल्या लाकडाला मासळीचा वास येत होता, आणि त्या क्षणी जगात दुसरा कुठलाच वास मला इतका आपला वाटला नसता. मेन रोडला टॅक्सी मिळाली. दवाखान्यात पोचले आणि थोड्याच वेळात माझी मुलगी झाली. चांगली धष्टपुष्ट, आल्याबरोबर सगळा वॉर्ड दणाणून सोडणारी. संध्याकाळी मावशी तिला बघायला आली तेव्हा म्हणाली, "आवाज बघ कसा! हॉर्न ऐकून आलीय ना!"

सव्वा महिना झाला आणि मी बाळाला घेऊन चाळीत परतले. आल्याच्या दिवशी एक गोष्ट घडली, जी मी कधी बघेन असं वाटलं नव्हतं. आमच्या खोलीत मावशी आली, आणि तिच्या मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी. दोघं एकाच सतरंजीवर बसले. सेक्रेटरी म्हणाले, "त्या दिवशी माझी बायकोही तुमच्या मागे होती. घरी येऊन ती माझ्यावर खेकसली. म्हणाली, तुम्ही बोंबलांवर अर्ज लिहीत बसा." मावशी हसली. मग आमच्या मिस्टरांनी विषय काढला: आता तीन नाही, एकच अर्ज. आणि अर्ज द्यायला माणसं नाही, गल्ली जाणार.

वॉर्ड ऑफिसच्या त्या खोलीत एवढी माणसं मावतील असं तिथल्या शिपायालाही वाटलं नव्हतं. रस्त्यांचे इंजिनियर साहेब तरुणच होते, चष्मा, समोर फायलींचे ढीग. बिल्डरचा साइटवरचा माणूसही बोलावला होता. सेक्रेटरींनी सुरुवात केली, पण ते इतकं अदबीनं आणि इतक्या इंग्रजी शब्दांत बोलत होते की साहेब मध्येच सहीला आलेला कागद वाचू लागले. मावशी मागून म्हणाली, "पोरी, तू बोल."

मी? रोज कानाला हेडफोन लावून मी शेकडो लोकांशी बोलायचे, पण त्यांच्यातल्या कुणी मला पाहत नसे. समोर माणसं बसली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. सासरी दोन वर्षं झाली तरी चाळीच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातून बाळ घेतलं. म्हणजे आता बोलणं भाग होतं.

मी डोळे किंचित मिटले आणि एक्स्चेंजमधल्या आवाजात सुरू झाले. तो आवाज शांत असतो, चढत नाही, पण लाइनवर कितीही खरखर असली तरी पोचतो. मी ट्रक सांगितले, वळण सांगितलं, नळाचं पाणी सांगितलं. मग ती दुपार सांगितली. पापलेटं रस्त्यात पडली ते सांगितलं. शेवटी म्हटलं, "साहेब, बिल्डिंगा होऊ देत. त्यांत राहायला येणाऱ्या बायकाही कधी अडतील. त्यांनाही याच गल्लीतून न्यावं लागलं, तर प्रत्येकीला हातगाडी मिळेलच असं नाही."

साहेबांनी कागद खाली ठेवला. पण ते फायलीचे माणूस. नकाशा काढून त्यावर बोट ठेवत म्हणाले, "ताई, तुमचं मला समजतंय. पण नकाशाप्रमाणे रस्ता रुंद आहे. दोन मोठ्या गाड्या आरामात क्रॉस होतात."

"बिलकुल साहेब," बिल्डरचा माणूस म्हणाला. "ड्रायव्हर लोक भांडतात म्हणून जॅम होतो. बाकी रस्त्याला काही प्रॉब्लेम नाही."

मावशी पुढे आली. "आरामात व्हतान ना? मंग आमच्यासमोर करून दाखवा."

साहेबांनी बिल्डरच्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "कधीही!" आणि साहेब म्हणाले, "ठीक आहे, येतो मी."

ते खरोखर आले. एका सकाळी जीपमधून, सोबत टेप धरायला एक माणूस. बिल्डरच्या माणसानं चांगली तयारी केली होती. दोन सगळ्यात जुने ड्रायव्हर निवडले होते, ट्रक रिकामे, धुतलेले. आम्हालाही निरोप पाठवला होता की हातगाड्या, बादल्या, खाटा बाजूला घ्या, उगाच खोळंबा नको. आम्ही सगळं आत घेतलं. मावशीनं आपली निळी गाडी घरात उभी केली. गल्ली अशी मोकळी मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, झालं, आता निघतील हे आरामात आणि आपण तोंडघशी पडू. मिस्टर माझ्याकडे बघेनात, त्यांनाही तेच वाटत होतं.

एक ट्रक साइटकडून निघाला, एक मेन रोडकडून. साहेबांची जीप त्या दुसऱ्याच्या मागे. सारी गल्ली ओट्यांवर, गॅलरीत, सोसायटीच्या गच्चीत. वळणावर दोघे समोरासमोर आले. बिल्डरचा माणूस मध्ये उभा राहून हात हलवू लागला, "आने दे, आने दे... लेफ्ट काट... थोडा और..." आतून आलेला ट्रक गटाराकडे सरकला. दुसरा देवळाच्या बाजूला. बॉडीला बॉडी घासेल न घासेल असे चालले होते. अर्धे ट्रक एकमेकांच्या पुढे निघालेसुद्धा. बिल्डरच्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू आलं.

आणि कडाड् असा आवाज झाला. गटारावरची लादी गेली. ट्रकचं मागचं चाक आत बसलं आणि सगळा ट्रक गटाराकडे कलला. त्याची वर उचललेली फळी शेजारच्या ट्रकच्या फळीत अडकली. दुसऱ्याचा आरसा देवळाच्या पन्हाळीत घुसला. मग चाकाखालून पाणी वर येऊ लागलं. ती चेपलेली पाइप अखेर फुटली होती, आणि गढूळ पाण्याचा ओहोळ वाहत वाहत थेट जीपच्या चाकांपर्यंत गेला. साहेबांनी ड्रायव्हरला मागे घ्यायला सांगितलं, तर मागे विटांचा ट्रक उभा! साइटवर रोजचा माल येतो, तो थांबवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

गच्चीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी वर बघून डोळे वटारले, आणि मग स्वतःच फस्सकन हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

साहेब जीपमधून उतरले. बूट पाण्यात. त्याच फटीतून, ज्यातून मी गेले होते, ते आडवे होऊन निघाले, शर्टाच्या पाठीला ग्रीस लागलं. पलीकडे मावशीनं ओट्यावर पाट टाकला होता. "बसा साहेब. जॅक येईपर्यंत चहा घ्या." साहेब बसले. चष्मा काढून पुसला. समोर सासूबाईंच्या खांद्यावर माझी मुलगी टुकुटुकु त्यांच्याकडे बघत होती.

"हीच का ती?" त्यांनी विचारलं.

"हीच," मी म्हटलं.

ते हसायला लागले. आधी दबकत, मग मनापासून. त्या माणसाबद्दल माझा सगळा राग तिथे संपला. त्यांना खोटं ठरायची लाज वाटली नाही, हे मला फार आवडलं. चहा संपवून त्यांनी बिल्डरच्या माणसाला हाक मारली.

"उद्यापासून या गल्लीत तुमचा एकही ट्रक दिसता कामा नये. तुमच्या प्लॉटला पलीकडून मोकळी जमीन आहे, तिकडून स्वतःचा रस्ता करा."

"पण साहेब, तिकडे नुसता चिखल आहे. गाड्या फसतील."

"मग भराव टाका. एवढे दिवस त्याचेच ट्रक नेत होता ना?"

ओट्यावरच्या बायकांनी जी आरोळी ठोकली ती बंदरावर ऐकू गेली असेल. मावशीनं माझा खांदा असा दाबला की दोन दिवस दुखत होता. मिस्टरांनी सगळ्या गल्लीदेखत माझ्याकडे बघून अंगठा वर केला. त्या काळात नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं एवढं कौतुक करणं म्हणजे खूपच झालं. मला रडू आलं, आणि मी ते पदरानं पुसलं नाही.

जॅक आला, ट्रक निघाले, तोवर दुपार टळून गेली होती. नंतरही काही दिवस एखादा चुकार ट्रक घुसायचा प्रयत्न करायचा. आम्ही आळीपाळीनं गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसायचो. कोळीवाड्यातली एक, चाळीतली एक, सोसायटीतली एक. भाज्या तिथेच निवडल्या जायच्या. सोसायटीतल्या बाईनं तिथेच मावशीकडून सुके बोंबील भाजायचे कसे ते विचारून घेतलं. पाइप बदलली, नळाला स्वच्छ पाणी आलं, गटारावर नव्या लाद्या बसल्या. खाडीच्या बाजूनं बिल्डरनं आपला रस्ता केला आणि बिल्डिंगा उठल्याच. कुणाचं काही अडलं नाही.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी पाटी लावली: अवजड वाहनांस प्रवेश बंद. मावशीनं तिच्यासमोर नारळ फोडला, सेक्रेटरींनी पेढे वाटले. पेढा अजून माझ्या तोंडातच होता, तेवढ्यात एक रेतीचा ट्रक मेन रोडवरून आत वळला. ड्रायव्हर नवीन असावा. त्यानं पाटी बघितली, आम्हाला बघितलं, समोर उभी राहिलेली ती पन्नास-साठ बायामाणसं बघितली, आणि जीभ चावली.

"सॉरी माई," तो खिडकीतून म्हणाला. "पीछे लेता हूँ."

"ले, ले," मावशी म्हणाली आणि रस्त्यात उतरून हात दाखवू लागली. मग आम्ही सगळेच उतरलो. सेक्रेटरी डावीकडून, मिस्टर उजवीकडून, मी बाळाला कडेवर घेऊन मधोमध. सगळी गल्ली एका सुरात ओरडत होती, "आने दो, आने दो, आने दो!" तो ट्रक हळूहळू मागे मागे सरकत मेन रोडला लागला, ड्रायव्हरनं हात हलवला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.